मुलांच्या वॉर्डातला न्हावी

मामाला मामा म्हणायचा खरा हक्क एकटीचाच, त्याच्या भाचीचा. तिला घरात मुंगी म्हणत, कारण साखरेचा डबा कुठेही लपवा, ती तिथे पोचायचीच. पण कॅन्सरच्या मुलांच्या वॉर्डात काही आठवडे काढल्यावर तो सगळ्यांचाच मामा झाला. पोरांचा झाला, पोरांच्या आयांचा झाला, त्याच्याहून वयाने मोठ्या बापांचासुद्धा झाला. घोटाळा एवढाच होता, की तिथल्या वॉर्डबॉयनाही सगळे मामाच म्हणत. कुणी हाक मारली की तिघे माना वळवायचे. दोघांना वाटायचं, आपल्याला नसेल. उठायचा मात्र हाच.

धंद्याने तो न्हावी. बाजाराच्या मागच्या रस्त्याला दोन खुर्च्यांचं सलून होतं, एक खुर्ची त्याची, एक भागीदाराची. लग्न करायचं नाही असं काही त्याने ठरवलं नव्हतं, राहून गेलं. आई गेली तेव्हा तो शाळकरी पोर होता आणि ताई नुकती मोठी झालेली. त्याच्या डब्यापासून दाखल्यापर्यंत सगळं ताईनेच बघितलं. त्यामुळे मुंगीला रक्ताचा कॅन्सर आहे असं कळलं आणि तिच्याजवळ कोण राहणार हा प्रश्न उभा राहिला, तेव्हा घरात फारशी चर्चा झालीच नाही. ताईच्या मांडीवर तान्हं बाळ होतं आणि वॉर्डात तान्ह्या मुलांना आत घेत नसत. भावोजी ट्रकवर, घरी कमी आणि रस्त्यावर जास्त. मामाने भागीदाराला सांगितलं, थोडे दिवस दुकान तू सांभाळ, आणि पिशवीत दोन शर्ट टाकून तो आला. निघताना ताईला म्हणाला, "तू बाळाकडे बघ. हिच्या केसालाही धक्का लागू देणार नाही."

महिना उलटायच्या आत मुंगीचे सगळे केस गेले.

आधी उशीवर पुंजके दिसू लागले. मग दुधाच्या पेल्यात, भातात, तोंडात. औषधांनी तिचं तोंड आतून सोललं होतं, तशात जिभेवर केस आला की ती रडायची, आणि रडताना तोंड उघडलं की आणखी दुखायचं. मामा दोन दिवस ते पुंजके वेचत राहिला. तिसऱ्या दिवशी दुकानात जाऊन केस कापायची मशीन घेऊन आला. बाल्कनीजवळच्या बेसिनपाशी तिला स्टुलावर बसवलं, गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला आणि डोकं साफ करून दिलं. मुंगीने दोन्ही हातांनी डोकं चाचपलं.

"आता सगळे असेच झाले तर तुझं दुकान बंद पडेल रे मामा," ती म्हणाली.

पलीकडच्या खाटेवरच्या बाईने हे बघितलं आणि तिने आपल्या मुलाला पुढे केलं. मग आणखी कुणी. बाहेरच्या न्हाव्याकडे या पोरांना नेणं म्हणजे सर्दीखोकल्याला आवतण, त्यामुळे घरचा न्हावी मिळाला याचं सगळ्यांना बरं वाटलं. दुपारी डॉक्टरांची फेरी झाली की मामाचं काम सुरू व्हायचं. प्रत्येक डोक्यानंतर तो मशीन स्पिरिटने पुसायचा. एखादी आई म्हणायची की खुंट टोचतात, अगदी गुळगुळीत करा, तेव्हा वस्तरा काढायचा, पण त्यात नवं पातं घालूनच. दुकानातही तो हे पाळत आला होता.

गिऱ्हाइकांत एक होती गवंड्याची मुलगी. मुंगीहून पुष्कळ मोठी, तेरा-चौदा वर्षांची. खाटेवरून हुकूम सोडायची, पंखा कमी करा, खिडकी उघडा, त्या बाळ्याला गप्प करा. म्हणून वॉर्डात तिचं नाव सरकार पडलं होतं. तिचे केस कमरेपर्यंत होते. ते उतरवताना तिने डोळे मिटून घेतले आणि मामाला सांगितलं, "विनोद करू नका." मामाने केला नाही. तिचा बाप दाराशी उभा होता, हातांच्या भेगांत सिमेंट तसंच, आणि तो भिंतीकडे बघत होता.

असे दिवस जात होते. जात होते म्हणजे ढकलावे लागत होते. मामा खाटेखाली सतरंजीवर झोपायचा. पाय सुजायचे. सलाइन संपत आलं की झोपेतही त्याला जाग यायची. मुंगीला ओकारी आली की भांडं धरायचं, ताप आला की सिस्टरला हाक मारायची, रक्त कमी झालं की रक्ताची पिशवी लागायची, ती थेंबथेंब उतरताना बघत बसायचं. आरशासमोर उभं राहून लोकांना तरुण करणारा माणूस, पण स्वतःची दाढी आठवडा आठवडा वाढलेली. भागीदार भेटायला आला तेव्हा त्याने आधी ओळखलंच नाही.

एका सकाळी तोंड धुवून देताना मामाला मुंगीच्या डोळ्यांचा पांढरा भाग जुन्या वर्तमानपत्रासारखा दिसला. त्याने स्वतःची समजूत घातली की खिडकीतून ऊन येतंय, त्याचा रंग असेल. तिला उचलून सावलीत नेलं. तिथेही तोच रंग. दुपारी लघवी काळ्या चहासारखी झाली, तेव्हा मात्र तो सिस्टरला शोधत निघाला.

कावीळ होती. साधी, पाण्यातून होणारी नव्हे. रक्तातून पसरणारी, ब प्रकारची. दाखल करताना सगळ्याच मुलांचं रक्त तपासत, तेव्हा मुंगीच्या रक्तात तिचा मागमूस नव्हता. म्हणजे मधल्या महिन्यांत कुठून तरी ती आत शिरली होती. मोठ्या डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं, की हा विषाणू अंगात शिरला तरी दोन-तीन महिने चाहूल लागू देत नाही. लहानपणी लस टोचलेली असली तरी कॅन्सरच्या औषधांपुढे तिचा जोर उरत नाही. लिव्हर सुजलंय. सूज उतरेपर्यंत केमो थांबवावी लागेल.

थांबवावी लागेल हे ऐकून मामाला आधी हायसं वाटलं, आणि तसं वाटल्याची त्याला लगेच लाज वाटली. ओकाऱ्या थांबणार होत्या, तोंड भरून येणार होतं, पोरगी चार घास खाणार होती. पण ज्याच्याशी मारामारी चालली होती त्यालाही तेवढी उसंत मिळणार होती. डॉक्टरबाई हे बोलल्या नाहीत. त्या बोलल्या नाहीत म्हणूनच त्याला ते कळलं.

पंधरवड्यात आणखी तिघांना तीच कावीळ निघाली. त्यांत सरकार होती. मग धावपळ सुरू झाली. कपाटं उघडली गेली, बाटल्या उचलल्या गेल्या, नळ्या कशा धुतात, सुया कुठे टाकतात, सगळं कुणीतरी येऊन बघू लागलं. मुलांजवळ राहणाऱ्या सगळ्यांचं रक्त तपासायला घेतलं. मामाने बाही वर केली, तेव्हा त्याच्या मनात दुसराच विचार होता, मुंगीचं जेवण निवतंय.

दोन दिवसांनी मोठ्या डॉक्टरबाईंनी त्याला खोलीत बोलावलं. त्याला वाटलं, मुंगीचं काही असेल. बाईंनी दार लावून घेतलं आणि खुर्ची पुढे केली.

"मामा, ही कावीळ तुमच्याही रक्तात आहे," त्या म्हणाल्या. "तुमची जुनी आहे. पुष्कळ वर्षांची. बहुतेक जन्मापासूनची."

त्याला काही होत नव्हतं. कधी अंगावर पिवळेपणा आला नव्हता. बाईंनी आईबद्दल विचारलं. आई पोट फुगून गेली, एवढं त्याला आठवत होतं. पाय काडीसारखे आणि पोट एवढं. शेजारपाजारी कुणी म्हणायचं नजर लागली, कुणी म्हणायचं सासरी उपाशी ठेवली. बाई म्हणाल्या, आईला हाच आजार असेल, बाळंतपणात तो तुमच्याकडे आला असेल, आता नक्की सांगता यायचं नाही. ताईंचं रक्त बाळंतपणात तपासलेलं होतं, त्यांच्यात नाही, कधी कधी असंही होतं.

मग त्यांनी मशीनबद्दल विचारलं, वस्तऱ्याबद्दल विचारलं. मामाने सगळं सांगितलं, पातं, स्पिरिट, टॉवेल. बाईंनी विचारलं, तुमच्या बोटांना कधी कापतं का? मामा आपल्या बोटांकडे बघत राहिला. डाव्या हाताच्या दोन बोटांवर कात्रीच्या बारीक चिरा होत्या, काही भरलेल्या, काही ओल्या. न्हाव्याच्या बोटाला कापलेलं नाही असा दिवस कुठला? त्यात लक्षात ठेवण्यासारखं काय असतं? मुंगीचं डोकं केलं त्या दिवशी बोट कापलेलं होतं का? सरकारचं केलं तेव्हा? त्याने डोकं खाजवखाजवून आठवलं. आठवेना.

"माझ्यामुळे झालं का?" त्याने विचारलं.

डॉक्टरबाई थकलेल्या होत्या. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "चौघांपैकी दोघांचे केस तुम्ही काढलेत, दोघांचे नाही. चौघांनाही रक्ताच्या पिशव्या लागल्यात. आमच्याकडेही एका बाटलीतून दोन-तीन मुलांना औषध काढलं जायचं, घाईत. ते आता बंद केलंय. तुमच्यामुळे झालं असं मी म्हणू शकत नाही. तुमच्यामुळे झालं नाही असंही नाही म्हणू शकत."

"कळणारच नाही?"

"मला नाही वाटत कळेल."

मामा खोलीतून बाहेर पडला. कुणी दोषी ठरवलं असतं तर मान खाली घालता आली असती. निर्दोष सोडलं असतं तर मान वर करता आली असती. आता मान कुठे ठेवायची तेच कळेना.

गोष्ट कुणी फोडली कोण जाणे, पण संध्याकाळपर्यंत ती सगळ्या वॉर्डात झाली. कुणी अपशब्द काढला नाही. तो खाटांमधून चालू लागला की बायका पाय आवरून घेऊ लागल्या, एवढंच. एका बाईने आपला पाण्याचा तांब्या त्याच्या बाजूने उचलून दुसऱ्या बाजूला ठेवला. डॉक्टरबाईंनी सगळ्यांना जमवून सांगितलं की ही कावीळ हात लावल्याने, एका ताटात जेवल्याने होत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि तांब्या तिथेच राहिला. ज्याला काल मामा म्हणत होते त्याला आता 'तो न्हावी' म्हणू लागले. मामाने मशीन आणि वस्तरा फडक्यात बांधून भागीदाराबरोबर दुकानात परत पाठवला. बाधा झालेल्या चौघा मुलांना टोकाच्या एका खोलीत हलवलं होतं, त्यामुळे निदान खाटांमधून चालायचं तरी वाचलं.

ताईला त्याने फाटकाशी भेटून सांगितलं. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. ती बाळाला छातीशी धरून उभी होती. सगळं ऐकल्यावर तिने बाळाचं टोपडं सारखं केलं. मग म्हणाली, "आईचं पोट मी तेल लावून चोळायचे. तिला बरं वाटायचं." तिचे डोळे भरले, पण ती रडली नाही, तिलाही आता रडण्याइतकं बळ नव्हतं. निघताना ती म्हणाली, की बाळाला लस टोचून घेतलीये, तरी तू सध्या त्याला घेऊ नकोस. मामाने हात पुढे केलेच नव्हते. तरी ते त्याने मागे घेतले.

गवंडी भेटला तो खालच्या औषधांच्या खिडकीसमोर. भर दुपारी, रांगेत. त्याने मामाचा दंड धरून त्याला बाकाशी ओढत नेलं. एरवी तो मामाला अहोजाहो करायचा.

"माझ्या पोरीच्या डोक्यावरून तुझी मशीन फिरली होती," तो म्हणाला.

"फिरली होती."

"आम्ही विश्वासाने डोकं पुढे केलं. केसाने गळा कापलास तू."

मामा काय म्हणणार? मी नाही, असं म्हणता येत नव्हतं. मीच, असंही म्हणता येत नव्हतं. गवंड्याचा हात दंडावर आवळला होता. सिमेंट कालवणारा हात, जोर कमी नव्हता. मामाला वाटलं, आता हा मारणार, आणि मारलं तर बरंच होईल. पण गवंड्याची पकड सैल झाली. तो बाकावर बसला. थोड्या वेळाने मामाही बसला, दोघांमध्ये एका माणसाची जागा सोडून. त्या बाकावर ते दोघे तसेच बसून राहिले. रांग पुढे सरकली आणि दोघांचेही नंबर गेले. मग गवंडी म्हणाला, पुन्हा उभं राहावं लागेल, आणि दोघे जाऊन रांगेच्या शेवटी उभे राहिले.

मुंगीला काविळीवर रोज एक गोळी सुरू झाली. मामालाही तीच, थोडी मोठी. लिव्हरची सूज हळूहळू उतरली आणि केमो पुन्हा चालू झाली. पुन्हा ओकाऱ्या, पुन्हा तोंड सोललेलं, पुन्हा सतरंजी. मामा कुरकुरला नाही. कुरकुरण्याचा हक्क आपण गमावून बसलोय असं त्याला वाटत असावं. मुंगी मात्र पुष्कळ कुरकुरायची आणि दोघांच्या वाटची पुरी करायची.

सरकारच्या लिव्हरची सूज उतरायला फार वेळ लागला. तिची केमो थांबली ती थांबलीच. त्या खंडात तिचे केस परत आले, आधी लव, मग बोटाच्या पेराएवढे, मऊ आणि थोडे कुरळे. ती सारखी त्यांतून हात फिरवायची. केस बघून तिच्या आईला वाटायचं पोरगी सुधारतेय. पण रक्त तपासलं तेव्हा कॅन्सर उलटलेला होता. पुन्हा औषधं दिली, जेवढी सोसतील तेवढीच. ती पुरी पडली नाहीत. डॉक्टरबाईंनी गवंड्याला त्याच खोलीत बोलावलं, दार लावलं, आणि तो बाहेर आला तेव्हा घरी न्यायचं ठरलं होतं.

न्यायच्या दिवशी सकाळी गवंडी मामाकडे आला. हातात कागदात गुंडाळलेली कोरी कात्री होती.

"पोरगी म्हणतेय, केस नीट करून हवेत," तो म्हणाला. "तुमच्याकडूनच."

मामा एकदम दोन पावलं मागे सरला. माझ्या हातून नको म्हणाला. बाहेरून कुणाला तरी आणू, मी स्वतः जाऊन घेऊन येतो म्हणाला.

"मामा," गवंडी म्हणाला, "आता तिला काय व्हायचं राहिलंय?"

डॉक्टरबाईंना विचारलं. त्यांनी मामाला हातमोजे दिले आणि त्या स्वतः थोडा वेळ दाराशी थांबल्या. सरकारला उशीला टेकवून बसवलं. तिने आरसा मागून घेतला. पुढचे केस कपाळावर आले पाहिजेत, बाजूचे कानावर, मागे काही करायचं नाही, असा हुकूम सुटला. आवाज बारीक झाला होता, रुबाब तोच. एवढ्याशा केसांत ते सगळं बसवायचं म्हणजे अवघड काम होतं. मामाने आयुष्यात इतक्या सावकाश कुणाचे केस कापले नव्हते. कात्री एकेका केसापाशी थांबायची. 

"आता विनोद केला तरी चालेल," सरकार म्हणाली.

मामाला एकही आठवला नाही. त्याने तसं सांगितलं. तिला त्याचंच हसू आलं. मग आरसा इकडेतिकडे फिरवून तिने बघितलं आणि उजवीकडे थोडं जास्त कापलंत म्हणून तक्रार केली. ते खरं होतं.

ती गेल्याचं गवंड्याने फोन करून कळवलं, तेव्हा मुंगीची शेवटची केमो चालू होती. मामा जिन्यात जाऊन बसला आणि बराच वेळ तिथेच राहिला. मुंगीला त्याने घरी आल्यावर सांगितलं.

मुंगी बरी झाली. डॉक्टर लोक बरी झाली असं पटकन म्हणत नाहीत, आजार सध्या नाही असं म्हणतात, पण ती शाळेत जाऊ लागली, भांडू लागली, साखर पुन्हा लपवावी लागू लागली. कावीळ मात्र रक्तात राहिली. ती काही वर्षांनी जाईल किंवा राहील. मामाची जाणार नाही, फक्त दबून राहील, रोजची गोळी घेतली तर.

मामाने दुकानात परत जायच्या आधी भागीदाराला सगळं सांगितलं. त्याने विचार करायला एक दिवस घेतला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, ये, पण हातमोजे घालून काम करायचं. मामा डॉक्टरबाईंनाही विचारून आला, मग घालू लागला. गिऱ्हाइकं थट्टा करतात, ऑपरेशन आहे का आज म्हणतात. तो हसतो. दाढी करणं त्याने सोडून दिलंय, ती भागीदाराकडे. कुणी कारण विचारलंच तर हात थरथरतो म्हणून सांगतो. ते आता थोडंसं खरंही आहे.

तपासणीला मामा-भाची अजून एकत्रच जातात. परवा परतताना बसमध्ये मुंगी खिडकीशी बसली होती. केस आता खांद्यापर्यंत आलेत, दोन वेण्या होतात. बाहेर बघता बघता तिने विचारलं, "मामा, माझी कावीळ तुझ्याकडून आली का?"

हे कधीतरी येणार हे त्याला माहीत होतं. त्याची त्याने मनातल्या मनात पुष्कळ उत्तरं तयार करून ठेवली होती. 

"माहीत नाही," तो म्हणाला. "आली असेलही."

"डॉक्टरबाईंना विचार ना."

"विचारलं. त्यांनाही माहीत नाही."

मुंगीने थोडा विचार केला. "सरकारची पण?"

"हो. तिचीही माहीत नाही."

ती पुन्हा खिडकीबाहेर बघू लागली. थोड्या वेळाने तिचं डोकं त्याच्या दंडावर कलंडलं, सकाळी लवकर उठली होती, रक्त द्यायला उपाशीपोटी निघाली होती. ती जागी होऊ नये म्हणून मामा दंड न हलवता बसून राहिला. त्यालाही कधी डुलकी लागली ते कळलं नाही. कंडक्टरने उठवलं तेव्हा त्यांचा थांबा मागे गेला होता. दोघे उतरले आणि उन्हातून उलट दिशेने चालू लागले. मुंगी अर्धवट झोपेत होती, त्याच्या बोटाला धरून चालत होती.